वावर वर्ध्यात, शाळा चापिंगोत

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मामेभावाचा मेसेज आला. "दादा, तुले स्पॅनिश येते न? हे पाहून सांग, आपल्यासारख्याले जमन का?" खाली मेक्सिकोतल्या एका कृषी विद्यापीठाची लिंक होती.

भाऊ बी.एस्सी. ॲग्री झालेला आहे. घरी साडेपाच एकर वावर, त्यात कपाशी आणि तूर. माझं स्पॅनिश म्हणाल तर कामापुरतं. आमच्या टीममधले निम्मे लोक ग्वादालाहाराला बसतात. मीटिंग सुरू होण्याआधीची दोन मिनिटं मुक्यासारखी जाऊ नयेत म्हणून मी ॲपवर शिकलो, इतकंच. पण आमच्या घराण्यात तेवढंही कुणाला येत नाही, म्हणून मी तज्ज्ञ.

ही गोष्ट मामाच्या कानावर गेली तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला. "वावर इथं हाय, मंग शेती शिकाले तिकडं काऊन जाचं?"

प्रश्न रास्त होता. मी कोडिंग शिकायला पुण्याला आलो तेव्हा असं कुणी विचारलं नव्हतं, कारण वर्ध्यात कोडिंगचं वावर नव्हतं. शेतीचं तसं नाही. ज्याच्या चार पिढ्या मातीत गेल्या, त्याच्या पोराने दहा-पंधरा हजार किलोमीटर लांब जाऊन, परक्या भाषेत, नेमकं काय शिकायचं?

उत्तर सुचेना, म्हणून मी त्या विद्यापीठाचा इतिहास वाचायला घेतला. नाव चापिंगो. मेक्सिको सिटीच्या पूर्वेला, टेक्सकोको गावाजवळ. वाचता वाचता जुन्या प्राध्यापकांमध्ये एक नाव दिसलं आणि मी थांबलो. पांडुरंग सदाशिव खानखोजे. जन्मगाव वर्धा.

मी वर्ध्यात वाढलो. सेवाग्राम, पवनार, गांधीजी, विनोबा हे सगळं शाळेच्या सहलींमधून पाठ झालंय. खानखोजे हे नाव मात्र मला मेक्सिकोच्या वाटेने कळलं.

आधी बंदूक

खानखोजे यांचा जन्म १८८० च्या दशकातला. शिक्षण वर्धा-नागपूरकडे, मनावर टिळकांचा प्रभाव. इंग्रजांना घालवायचं तर सैनिकी शिक्षण हवं, आणि ते इथे मिळणार नाही, हे त्या पिढीतल्या काही तरुणांनी पक्कं ठरवलं होतं. खानखोजे त्यांतले एक. विशीत घर सोडून ते आधी जपानला गेले आणि तिथून अमेरिकेला.

अमेरिकेत त्यांनी दोन प्रकारचं शिक्षण घेतलं. कॅलिफोर्नियातल्या सॅन राफाएलच्या माउंट तमालपाइस मिलिटरी अकॅडमीत लष्करी, आणि पुढे ओरेगन व वॉशिंग्टन या राज्यांमधल्या कृषी महाविद्यालयांत शेतीचं. वॉशिंग्टनमधलं कॉलेज पुलमन या छोट्या गावी होतं, गव्हाच्या टेकड्यांच्या मधोमध. पुलमन हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

एकीकडे बंदूक आणि दुसरीकडे बियाणं, हे आज विचित्र वाटतं. पण परदेशी शिकणाऱ्या हिंदुस्थानी मुलाला काही ना काही विषय घ्यायचाच होता, आणि दुष्काळ बघितलेल्या मुलाला शेती हा विषय कोरडा वाटण्याचं कारण नव्हतं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन्ही मोठे दुष्काळ मध्य प्रांतावर आले होते, आणि वर्धा-नागपूर त्याच प्रांतात होतं. खानखोजे यांचं बालपण आणि किशोरवय त्याच वर्षांतलं.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा पंजाबी शेतकरी शेतांत आणि लाकडाच्या गिरण्यांत राबत होते. त्यांच्यात आणि तिथल्या विद्यार्थ्यांत गदर चळवळ उभी राहिली. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत 'गदर'चा पहिला अंक निघाला. लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना यांच्याबरोबर खानखोजे या उभारणीत होते आणि लष्करी तयारीची बाजू प्रामुख्याने त्यांच्याकडे होती. याच चळवळीत आणखी एक मराठी मुलगा होता, तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णु गणेश पिंगळे. तो अमेरिकेत इंजिनीअरिंग शिकायला गेला होता. १९१५ मध्ये तो मेरठच्या छावणीत बॉम्बसह पकडला गेला आणि त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला लाहोरच्या तुरुंगात, कर्तारसिंग सराभा यांच्यासोबत त्याला फाशी झाली. वय सत्तावीस. म्हणजे साधारण माझंच. त्या वयात माझी सगळ्यात मोठी जोखीम म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर कोड टाकणं.

खानखोजे वाचले, कारण पहिल्या महायुद्धात ते तुर्कस्तानमार्गे इराणात उतरले होते. तिकडून बलुचिस्तानमार्गे हिंदुस्थानात शिरायचा बेत होता. तिथे ते इंग्रजांविरुद्ध लढले, जखमी झाले, पकडले गेले आणि निसटले. पुढे बर्लिन, १९२१ मध्ये मॉस्को. युद्ध संपलं, गदर फसला, आणि हा माणूस इंग्रजांच्या यादीत कायमचा अडकला. मायदेशी परतणं म्हणजे तुरुंग किंवा फास.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोचले.

क्रांतीनंतरची शाळा

मेक्सिकोच का? १९१० मध्ये तिथे क्रांती सुरू झाली तेव्हा खानखोजे शेजारच्या देशात शिकत होते. अमेरिकेतल्या शेतांवर हिंदी मजुरांबरोबर मेक्सिकन मजूरही असत. तिथल्या क्रांतिकारकांशी त्यांची ओळख झाली होती आणि त्यांतले एक, रामोन दे नेग्री, पुढे मेक्सिकोचे कृषिमंत्री झाले. ओळख कामाला आली. खानखोजे यांना चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवण्याची नोकरी मिळाली.

त्या क्रांतीचा गाभा जमीन होता. मूठभर हासिएन्दांकडे, म्हणजे अवाढव्य जमीनदारी वाड्यांकडे, गावंच्या गावं गेलेली. दक्षिणेत एमिलियानो झापाटा जमीन परत मागत लढला आणि एप्रिल १९१९ मध्ये दग्याने मारला गेला. पण १९१७ च्या राज्यघटनेतल्या सत्ताविसाव्या कलमाने जमिनीवर मूळ मालकी राष्ट्राची असल्याचं मान्य केलं, आणि गावांना सामायिक जमिनी देण्याचा रस्ता उघडला. या सामायिक जमिनीला एहिदो म्हणतात.

आता जमीन मिळाली, पुढे काय? आयुष्यभर दुसऱ्याच्या हुकमाने नांगर धरलेल्या माणसाला कोणतं वाण लावायचं, बी कुठून आणायचं, पैसा कसा उभा करायचा, हे ठरवण्याची सवय कुठून असणार? म्हणून शाळा.

राष्ट्रीय कृषी विद्यालय १८५४ मध्ये मेक्सिको सिटीत सान हासिंतो इथे सुरू झालं होतं. तिथून निघणारे बहुतेक जण जमीनदारांचे कारभारी होत. क्रांतीनंतर सरकारने ती शाळा उचलून चापिंगोला नेली, एका जुन्या हासिएन्दात. हा वाडा कधीकाळी मेक्सिकोच्या एका राष्ट्राध्यक्षाच्या मालकीचा होता. मालकाच्या वाड्यात शेतकऱ्यांच्या पोरांचे वर्ग भरायला लागले. शाळेचं नवं ब्रीद होतं, इथे जमिनीतून पीक काढायला शिकवतात, माणसाला पिळायला नाही.

वाड्यातल्या जुन्या चॅपेलच्या भिंती रंगवायचं काम दिएगो रिवेराला दिलं गेलं. १९२७ पर्यंत त्याने त्या भरून काढल्या. एका चित्रात जमिनीखाली झापाटा आणि त्याचा सहकारी ओतिलिओ मोन्तान्यो निजलेले आहेत आणि त्यांच्यावर मका वाढतोय. कृषी विद्यालयातला विद्यार्थी रोज ये-जा करताना हे बघतो. त्याला कुणी वेगळं सांगायची गरज नाही की त्याच्या डिग्रीखाली काय पुरलेलं आहे.

स्पॅनिश बोलणाऱ्या जगातल्या सगळ्याच कृषी शाळा क्रांतीतून निघाल्या असं मात्र नाही. होंडुरासची प्रसिद्ध सामोरानो ही शाळा १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला युनायटेड फ्रूट या अमेरिकन केळी कंपनीच्या पैशातून उभी राहिली. करून शिकणं ही तिची पद्धत. दिवसाचा बराच वेळ मुलं शेतात आणि गोठ्यात असतात. खंडभरातली मुलं आजही तिथे जातात. चापिंगो आणि सामोरानो या दोघींनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरं दिली आहेत. शेती शिकलेला माणूस अखेरीस कुणासाठी काम करणार?

मक्याचा बाप

चापिंगोत खानखोजे वनस्पतिशास्त्र आणि पीकशास्त्र शिकवत आणि मका-गव्हाच्या वाणांवर संशोधन करत. १९३० मध्ये मक्याच्या नव्या वाणांवरची त्यांची स्पॅनिश पुस्तिका निघाली.

मका ही मेक्सिकोची देणगी. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी टिओसिंटे नावाच्या रानगवतातून तो घडवला. टिओसिंटेचं कणीस बोटाएवढंही नसतं, त्यात जेमतेम पाच ते बारा टणक दाणे. तिथपासून आजच्या भरगच्च कणसापर्यंतचा प्रवास कोणत्याही प्रयोगशाळेविना, निवडीवर झाला. दर हंगामात चांगलं कणीस बाजूला ठेवायचं आणि पुढच्या वर्षी तेच पेरायचं.

या पद्धतीत एक अडचण आहे. मक्याचा तुरा वर असतो आणि कणीस खाली. वाऱ्याने परागकण उडतात आणि दुसऱ्याच ताटाच्या कणसावर पडतात. त्यामुळे शेतकऱ्याला कणसाची आई माहीत असते, बाप कोण हे कळत नाही. शेजारच्या वावरातला मरतुकडा तुराही बाप असू शकतो. म्हणून संशोधक कणसाला केस फुटण्याआधी त्यावर पिशवी बांधतात, हव्या त्या तुऱ्याचे पराग गोळा करतात आणि हाताने त्यावर टाकतात. काम साधं, पण चिकाटीचं. खानखोजे यांनी अशा संकरांत टिओसिंटेलाही परत आणलं. लाडावलेल्या पिकात रानातल्या पूर्वजाचा काटकपणा यावा, हा त्यामागचा विचार.

हे वाचताना मला मामाच्या घरातल्या कोनाड्यात पडलेल्या रिकाम्या पिशव्या आठवल्या. कपाशीच्या बियाण्याची पिशवी, साडेचारशे ग्रॅमची. २००२ पासून आपल्याकडे बीटी कपाशी आली ती मुख्यतः संकरित वाणांच्या रूपात. संकरित वाणाचं बी ठेवून पुढच्या वर्षी पेरलं तर पीक आई-बापासारखं येत नाही, वाकडंतिकडं येतं. म्हणून पिशवी दर वर्षी विकत घ्यायची. मामाच्या आजोबांना सरकीचं बी राखता येत असे. मामाला पिशवीवरचा भाव वाचता येतो. मामेभाऊ चार वर्षं शिकून त्यामागचं जनुकशास्त्र समजावून सांगू शकतो, पण जूनमध्ये दुकानासमोरच्या रांगेत तोही उभा असतो.

फुकट शाळा

खानखोजे यांचं मला सगळ्यात भावलेलं काम प्रयोगशाळेबाहेरचं आहे. चापिंगोची नोकरी सांभाळून त्यांनी आसपासच्या गावांत 'एस्क्वेलास लिब्रेस दे आग्रिकुल्तुरा' सुरू केल्या, म्हणजे मुक्त कृषी शाळा. शेतकरी संघटनांच्या साथीने चाललेल्या. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. विद्यार्थी म्हणजे कांपेसिनो, तिथले अल्पभूधारक आणि शेतमजूर. शेतकऱ्याने विद्यापीठात यायचं, त्याऐवजी विद्यापीठ त्याच्या बांधावर गेलं.

या शाळांचे फोटो काढले टिना मोदोत्तीने, इटलीत जन्मलेली आणि मेक्सिकोत नावारूपाला आलेली छायाचित्रकार. १९३० मध्ये मेक्सिको सरकारने तिला राजकीय कारणांवरून देशाबाहेर काढलं, त्याआधीचं हे काम. मोठ्या कडांच्या टोप्या घातलेले शेतकरी, मक्याची कणसं, आणि त्यांच्यात आपल्याकडच्या चेहऱ्याचा हा माणूस. रिवेराही या शाळांचा मित्र होता. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्याने १९२८ मध्ये 'आमची रोजची भाकर' या अर्थाच्या नावाचं एक चित्र काढलं. त्यात मेजाच्या मध्यभागी बसून भाकर मोडून देणारा माणूस आहे. तो चेहरा खानखोजे यांचा मानला जातो.

ज्या माणसाने इंग्रजांवर गोळ्या झाडायला जपानपासून इराणपर्यंत अर्धी पृथ्वी तुडवली, तो एका परक्या देशाच्या भिंतीवर भाकर वाटताना दिसतो. मला यात विसंगती वाटत नाही. वीस वर्षांपूर्वी घर सोडताना त्यांना जे हवं होतं, तेच ते इथे वेगळ्या हत्याराने करत होते. फक्त गावं वर्ध्याची नव्हती.

परत येणं

१९३६ मध्ये खानखोजे यांनी जान सिंदिक या बेल्जियन बाईंशी लग्न केलं. दोन मुली झाल्या. थोरली सावित्री, म्हणजेच सावित्री साहनी, यांनी पुढे वडिलांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. 'मी कधीही माफी मागणार नाही' अशा अर्थाचं त्याचं नाव आहे.

देश स्वतंत्र झाल्यावर खानखोजे यांना परतीची वाट मोकळी झाली आणि १९५५ मध्ये ते कायमचे भारतात आले. नागपूरला राहिले. तेव्हा ते सत्तरीच्या घरात होते. उमेदीची सगळी वर्षं, हातातली सगळी विद्या, तिकडच्या मातीत गेलेली. जानेवारी १९६७ मध्ये नागपुरातच त्यांचं निधन झालं.

आता पुलमनकडे येऊ.

जपानमध्ये १९३५ मध्ये 'नोरिन १०' नावाचा बुटका गहू तयार झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचं बी अमेरिकेत आलं आणि पुलमनला, वॉशिंग्टन स्टेट कॉलेजात, ऑर्विल व्होगेल यांनी त्याचे संकर केले. तिथून ते बी मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे गेलं. बोरलॉग १९४४ पासून मेक्सिकोत होते, आणि त्यांच्या कार्यक्रमाचं एक मुख्य केंद्र होतं चापिंगो. उन्हाळ्यात मध्य मेक्सिकोच्या डोंगराळ भागात आणि हिवाळ्यात उत्तरेला सोनोरात, अशी वर्षाला दोन पिकं घेत त्यांनी वाण घडवले. खत दिलं तरी आडवा न पडणारा, दिवसाच्या लांबीशी फारसं देणंघेणं नसलेला गहू. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून अठरा हजार टन बियाणं मागवलं, मुख्यतः लेर्मा रोहो. मेक्सिकन गव्हाच्या वंशातूनच आपले 'कल्याण सोना' आणि 'सोनालिका' निघाले.

जपान, पुलमन, चापिंगो, भारत. गव्हाचा रस्ता आणि खानखोजे यांचा रस्ता नकाशावर जवळजवळ एकच आहे. एकाने दुसऱ्याला काही दिलं असा माझा दावा नाही, हा योगायोग आहे. पण त्या योगायोगात मामाच्या प्रश्नाचं उत्तर दडलेलं मला दिसलं. वावर एका जागी असतं, बी आणि विद्या मात्र कायम फिरतीवर. मामाच्या ताटातली मिरची आणि टोमॅटो मूळचे मेक्सिकोकडचे. अंगणातल्या चिकूचं झाडच नाही, नावसुद्धा तिकडचं, स्पॅनिशमधून आलेलं. उद्या कुणी तिकडे शिकायला गेला तर तो जुन्याच वाटेने चाललेला असेल.

दिवाळीला मी हे सगळं मामाला सांगितलं. ओट्यावर बसून, फोनवर टिना मोदोत्तीचे फोटो दाखवत. चापिंगोत २०२२ मध्ये खानखोजे यांचा पुतळा बसला, त्याचाही फोटो दाखवला. मामाने सगळं नीट ऐकलं. मग विचारलं, "मंग त्या मानसानं इकडं येऊन तशी शाळा काऊन नाही काढली?"

मी सांगितलं की चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्याला इकडे येऊच दिलं नव्हतं. आला तेव्हा म्हातारा झाला होता.

मामा काही वेळ गप्प बसला. मग पोराकडे वळून म्हणाला, "तुले तर कोनी अडवून नाही ठेवलं. तू येशीन का वापस?"

भाऊ लगेच 'हो' म्हणाला असता तर आम्ही कुणीच विश्वास ठेवला नसता. मी स्वतः 'दोन वर्षांसाठी' म्हणून पुण्याला आलो होतो, त्याला आता बरीच वर्षं झाली. तो म्हणाला, "पहिले भाषा तं शिकू दे, बाबा."

तेव्हापासून रोज रात्री तो मला स्पॅनिशमधलं एक वाक्य व्हॉइस नोट करून पाठवतो. उच्चार थेट वऱ्हाडी. कालचं वाक्य होतं, आमच्याकडे साडेपाच एकर वावर आहे, पण मला अजून बी राखता येत नाही. क्रियापदाचं रूप चुकलं होतं. मी दुरुस्त करून परत पाठवलं.